उठण्याची वही

दुपारच्या पाळीच्या बसचालकांची रांग डेपोच्या खिडकीपाशी लागली होती आणि खिडकीच्या आत ड्यूटीसाहेब बसले होते. कुणाला कोणती गाडी, कोणता मार्ग, किती फेऱ्या, हे ठरवायचं काम त्यांचं. त्यांच्यासमोर एक जाड वही उघडी असे. तिला विश्रांतीवही म्हणत. प्रत्येक चालकाने आदल्या पाळीनंतर किती तास झोप घेतली ते तिच्यात लिहायचं आणि सही करायची. आठ तासांहून कमी भरले तर गाडी मिळायची नाही. आधीच्या साहेबांच्या काळात ही वही म्हणजे नुसता शाई वाया घालवायचा उद्योग होता. जो तो डोळे झाकून ‘आठ’ लिहायचा आणि मोकळा व्हायचा. या साहेबांनी तो नियम खरा केला. ते आकडा वाचतच नसत, फक्त सही बघत.

त्या दिवशी एका चालकाची सही त्यांनी बोटाने दाबून धरली. या चालकाला सगळा डेपो भोंगा म्हणायचा, कारण तो कानात बोलला तरी रस्त्यापलीकडे ऐकू जायचं.

“आठ लिहिलेत की साहेब!”

“आठ लिहिलेस, पण सही बघ तुझी. ओळीवर सुरू झाली आणि संपली तळघरात.”

रांग हसली. भोंग्याने डोळे चोळले. “पाहुणे होते घरी. पण काळजी नको साहेब. वीस वर्षं चालवतोय. डोळे मिटून नेईन गाडी.”

“त्याचीच काळजी आहे. जा, घरी जाऊन झोप.”

भोंगा पाय आपटत निघून गेला. साहेबांनी त्याची गाडी दुसऱ्याला दिली आणि पुढची सही बघितली. गेल्या सहा वर्षांत या डेपोच्या एकाही गाडीला झोपेमुळे अपघात झाला नव्हता. वरिष्ठ त्यांचं कौतुक करत, आणि ते रास्तच होतं. माणूस कडक, पण कामाला खरा.

आता याच माणसाच्या घरी चला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो बघायला फार लांब जावं लागत नाही.

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. घरात बायको, पंधरा वर्षांची थोरली आणि नऊ वर्षांचा धाकटा. थोरली दहावीत होती. भिंतीला खिळ्यावर एक निळी वही दोरीने टांगलेली असे. ही शाळेने छापून दिलेली. वर लिहिलेलं, ‘उठण्याची वही’. आत तीन रकाने: तारीख, उठण्याची वेळ, पालकांची सही. ड्यूटीसाहेब कामावर निघताना त्या वहीत रोज सही करत. एका वहीत दुसऱ्यांनी झोप घेतली की नाही ते तपासायचं आणि दुसऱ्या वहीत स्वतःच्या लेकीला ती घेऊ दिली नाही याची सही करायची, हे दोन्ही उद्योग एकाच पेनाने आणि एकाच दिवशी चालत. त्यांना त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. कुणालाच दिसलं नव्हतं, हीच तर या गोष्टीतली चीड आणणारी बाब आहे.

दोन वर्षांपूर्वी शाळेच्या मुख्याध्यापकांनी पहाटवर्ग सुरू केला. दहावीच्या ज्या मुलांना चाचणीत साठाच्या खाली गुण पडतील त्यांनी पहाटे साडेपाचला शाळेत यायचं. सात वाजेपर्यंत पहाटवर्ग, साडेसातपासून नेहमीची शाळा, दुपारनंतर शिकवणी, मग गृहपाठ. सत्तरच्या वर गुण गेले की पहाटवर्गातून सुटका. दोन वर्षांत सुटका झालेल्यांची संख्या एका हाताच्या बोटांवर मोजता आली असती, आणि तरी बोटं उरली असती. मुख्याध्यापक याचा अर्थ असा लावत की मुलं अजून पुरेशी लवकर उठत नाहीत. म्हणून ही वही आली. दर सोमवारी प्रार्थनेनंतर, ज्याची उठण्याची वेळ सर्वांत आधीची त्याचं नाव पुकारून टाळ्या वाजवल्या जात. शाळेच्या दर्शनी भिंतीवर त्यांनी मोठ्या अक्षरांत म्हणही रंगवून घेतली होती, ‘लवकर निजे, लवकर उठे’. पुढे त्या भिंतीत खिडकी पाडावी लागली आणि ‘लवकर निजे’ खिडकीत गेलं. उरलेलं तेवढं शाळा मनापासून पाळत होती.

थोरली या वर्गात पोचली ती पहिल्या चाचणीत अठ्ठावन्न गुण पडले म्हणून. चाचणीच्या आठवड्यात ती तापाने फणफणलेली होती, पण यादी ताप बघत नाही. त्याआधी ही मुलगी गणितात अशी होती की गणिताच्या बाई तिची वही हातात घेऊन म्हणायच्या, “उत्तर बरोबर आहे गं, पण हा रस्ता तू आणलास कुठून?” तिला पूल बांधायचे होते. नदीवरच्या पुलाखाली उभी राहून ती खांब मोजायची आणि मधलाच खांब जाड का, असं बापाला विचारायची. बापाला उत्तर येत नसे. तो म्हणायचा, “तू शिक आणि मला सांग.”

पहाटवर्गात गेल्यावर दुसऱ्या चाचणीत तिला चव्वेचाळीस पडले.

तिच्या आईला या आकड्याने घाम फुटला. आई एका दवाखान्यात, येणाऱ्या पेशंटची नावं नोंदवायच्या टेबलावर काम करायची. ती स्वतः दहावीत चार गुणांनी नापास झाली होती आणि नंतर घरच्यांनी पुन्हा बसू दिलं नव्हतं. ते चार गुण तिने वीस वर्षं मनात जपून ठेवले होते. लेकीच्या बाबतीत असं होऊ द्यायचं नाही, ही तिची जिद्द होती. जिद्द चांगलीच होती. तिला वाट मात्र चुकीची सापडली.

खालच्या मजल्यावर औषधाच्या दुकानदाराचं घर होतं. दुकानदाराच्या बायकोला सगळे काकू म्हणत. त्यांची मुलगीही पहाटवर्गातच. या इमारतीचे पाइप जुने. खाली नळ सोडला की वर भिंतीतून घरघर ऐकू येई. एकदा पहाटे साडेचारला आईला ती घरघर ऐकू आली. म्हणजे खालची उठली! दुसऱ्या दिवशी आईने गजर सव्वाचारचा लावला आणि थोरलीला खुर्ची ओढून टेबलाशी बसवलं. खुर्चीचा आवाज खाली गेला. तिसऱ्या दिवशी खालचा नळ चार वाजता वाजला. मग आईने तीन पंचावन्न केले. मग खालून तीन पन्नास, वरून तीन चाळीस. दोन्ही बायका जिन्यात भेटल्या की गोड हसायच्या.

“काय म्हणतेय अभ्यास?”

“चाललाय हो. पहाटे डोकं कसं ताजं असतं.”

ताजं डोकं त्या वेळी वर टेबलावर टेकलेलं असे. आई ओला टॉवेल घेऊन मागे उभी राही.

“अगं, ऊठ. पुन्हा मान टाकलीस? खालची बघ, केव्हाची बसलीय.”

“आई, मी वाचतेय.”

“डोळे मिटून?”

“मिटले नाहीत गं. आपोआप मिटतात.”

धाकटा पलंगावरून एक डोळा उघडून हे बघायचा. एकदा त्याने अंथरुणातूनच जाहीर केलं, “मला दहावीत जायचंच नाही. मी नववीपर्यंतच शिकणार.” आईने त्यालाही दटावलं आणि तो परत गाढ झोपला. थोरलीने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्या नजरेने उपाशी माणूस दुसऱ्याच्या ताटाकडे बघतो.

बोटांवर हिशेब करा. रात्री गृहपाठ संपून अंथरुणाला पाठ टेकायला अकरा, सव्वाअकरा व्हायचे. तीन चाळीसला उठायचं. भोंग्याला याच्या जवळजवळ दुप्पट झोप मिळाल्याशिवाय बसच्या पायरीवर चढू दिलं नसतं.

दोन महिन्यांत मुलगी बदलली. एकदा चपला दोन वेगवेगळ्या जोडातल्या घालून शाळेत गेली. कंपासपेटी सापडेना म्हणून पाऊण तास रडली, आणि पेटी तिच्याच हातात होती. धाकट्याने पेन्सिल मागितली तर त्याला फटका मारला, मग स्वतःच घाबरून त्याला जवळ घेतलं. घरात एकच प्रश्न घुमायचा, “लक्ष कुठे असतं तुझं?” आईच्या मनात नको ती शंका आली. तिने दप्तर उपसून पाहिलं. कुणाची चिठ्ठी नाही, काही नाही. मागच्या पानांवर एकच गणित सहा वेळा सुरू करून सोडलेलं होतं.

त्या दिवशी संध्याकाळी भांडी पुसताना थोरलीने विचारलं, “आई, मी ढ झालेय का?”

“काहीतरीच काय!”

“नाही, खरंच. पूर्वी गणित वाचलं की आत काहीतरी हलायचं. आता मी वाचते, पुन्हा वाचते, आणि आत कुणी घरीच नसतं. माझं संपलं असेल का गं? म्हणजे कुणाकुणाची हुशारी लहानपणीच संपते ना?”

आईला गलबलून आलं. पण तिने काय म्हटलं माहीत आहे? “थोडी आणखी मेहनत कर, येईल.” आणि गजर होता तिथेच ठेवला.

सराव परीक्षेनंतर शाळेतून बोलावणं आलं. मुख्याध्यापकांच्या खोलीत दोन खुर्च्या, एक घंटा आणि भिंतीला उन्हाने पिवळे पडलेले निकालांचे तक्ते होते. गणिताच्या बाई कोपऱ्यात उभ्या होत्या. मुख्याध्यापकांनी उत्तरपत्रिका समोर सरकवली. शंभरपैकी एकतीस.

“मी स्पष्ट बोलतो,” ते म्हणाले, “राग मानू नका. मोठी परीक्षा चार महिन्यांवर आहे. अर्जात लिहावं लागतं, पूर्ण गणित की सोपं गणित. हिला सोपं द्या. पास तरी होईल.”

“पण सोपं घेतलं तर पुढे...” आई म्हणाली.

“पुढे विज्ञानाला जाता येणार नाही, बरोबर. पूलबिल राहू द्या. प्रत्येकाची एक कुवत असते.”

ड्यूटीसाहेब उत्तरपत्रिका बघत होते. पहिलं गणित स्वच्छ होतं, आकडे ओळीवर ताठ उभे. दुसऱ्यात ते जरा उतरले होते. तिसऱ्यात प्रश्नातलंच एक वाक्य तीनदा उतरवलेलं होतं, आणि प्रत्येक वेळी अक्षरं ओळ सोडून खाली घसरत गेली होती. चौथ्यात एक आकडा सुरू झाला होता आणि त्याची शेपटी पानाच्या कडेपर्यंत ओढली गेली होती. असं अक्षर ते रोज बघत होते आणि असं अक्षर दिसलं की ते माणसाला घरी पाठवत होते.

“ही ढ नाही,” ते म्हणाले. “ही झोपलेली आहे.”

“म्हणजे?”

“पेपर लिहिता लिहिता झोपलीय ती. त्या दिवशी किती वाजता उठली होती?”

मुख्याध्यापकांचा चेहरा खुलला. त्यांनी सोबत आणायला सांगितलेली निळी वही ओढून घेतली आणि पान उघडलं. “तीन चाळीस. त्या बाबतीत तक्रारीला जागा नाही. ही बघा, तुमचीच सही आहे.”

सही ओळीवर होती, ठळक आणि ताठ. बापाने पोटभर झोपून केलेली.

गणिताच्या बाई हळूच म्हणाल्या, “सर, पहाटवर्गात मी शिकवते ना, तेव्हा निम्मी मुलं...” मुख्याध्यापकांनी घंटेवर बोट ठेवलं आणि बाई गप्प झाल्या. त्यांना अजून कायम नेमणूक मिळायची होती.

“मला तीन आठवडे द्या,” ड्यूटीसाहेब म्हणाले. “पहाटवर्ग बंद. तीन आठवड्यांनी हिची पुन्हा परीक्षा घ्या. पन्नासच्या वर गेली तर पूर्ण गणित, आणि पहाटवर्गातून कायमची सुटका. नाही गेली तर तुम्ही म्हणाल ते.”

“आणि या तीन आठवड्यांत ही काय करणार?”

“झोपणार.”

मुख्याध्यापक मोठ्याने हसले. “वा! लोक मुलांसाठी अभ्यासाला रजा मागतात, तुम्ही झोपेला मागताय!” पण वाया गेलेल्या मुलीचा आणखी काय तोटा होणार, असा विचार करून त्यांनी मान हलवली.

डेपोत वर्षातून दोनदा चालकांची तपासणी करायला एक डॉक्टरीणबाई येत. ड्यूटीसाहेब दुसऱ्याच दिवशी त्यांच्या दवाखान्यात जाऊन बसले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“या वयात आठ ते दहा तास झोप लागते,” त्या म्हणाल्या. “आणि वरून शरीराचं घड्याळच उशिरावर सरकलेलं असतं. रात्री नऊला झोप म्हणालात तर तिला येणार नाही. तो आळस नव्हे, वय आहे. पहाटे चार म्हणजे तिच्या शरीराची ऐन मध्यरात्र.”

“पण अभ्यासाचं?”

“दिवसभर जे शिकलं ते झोपेत पक्कं होतं. तुम्ही रोज भिंत बांधताय आणि सिमेंट वाळायच्या आत पाडताय. अहो, तुम्ही चालकांना एवढं बजावता. हे तुम्हाला मी सांगावं?”

ते उठले आणि थेट घरी गेले.

घरी बोलणं भरपूर झालं. आई भडकली. “तीन आठवडे? खालची तोपर्यंत कुठल्या कुठे जाईल! उद्या ही नापास झाली तर लोक मला विचारतील, तुम्हाला नाही. नापास होणं काय असतं ते तुम्हाला कळायचं नाही.”

आणि तिच्याहून जास्त भडकली ती थोरली. “मी नाही गेले तर सगळे म्हणतील हिने सोडून दिलं. मला नको झोप! मला तुमची दया नको!” एवढं बोलून ती भिंतीला टेकली आणि बोलता बोलता, तोंड रागाने लाल असताना, उभ्या उभ्या तिचे डोळे मिटले. आईने ते पाहिलं. पुढचं भांडण तिने गिळलं. निळी वही खिळ्यावरून काढून कपाटात टाकली आणि गजराच्या घड्याळातला सेल काढून घेतला.

सुधारणा म्हणजे जादू नसते. पहिल्या रविवारी थोरली सकाळी साडेदहापर्यंत झोपली आणि उठल्यावर रडली, की माझा दिवस गेला. आठवडाभर तिला रात्री अकराच्या आत झोपच येईना. गृहपाठ कमी करून घ्यायला ड्यूटीसाहेब शिकवणीच्या सरांकडे गेले, तर सरांनी त्यांनाच गृहपाठाचं महत्त्व अर्धा तास समजावलं. मग त्यांनी शिकवणीच बंद केली. आईची अवस्था सर्वांत वाईट. पहाटे भिंतीतून घरघर यायची आणि ती पलंगावर डोळे टक्क उघडे ठेवून पडायची. लेक झोपलेली, आईचीच झोप उडालेली.

शेवटी न राहवून तिने काकूंना जिन्यात गाठलं.

“काकू, खरं सांगू? मी तुमच्या नळाचा आवाज ऐकून तिला उठवत होते.”

काकू चपापल्या. “आणि मी तुमच्या खुर्चीचा.”

आई म्हणाली, “मग सोडूया ना हे. मी तिला आता साडेसहापर्यंत झोपू देते.”

काकूंचे डोळे बारीक झाले. “हो का? तरीच म्हटलं खुर्ची वाजत नाही. पलंगावरच बसून अभ्यास घेताय वाटतं आता, आवाज न करता?”

आईने शपथा घेतल्या. काकू गोड हसल्या. दुसऱ्या दिवशी खालचा नळ साडेतीनला वाजला.

तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी थोरली टेबलाशी बसली होती. अचानक ती ओरडली, “बाबा, मधला खांब जाड का ते सांगू?” आणि तिने पाठकोऱ्या कागदावर बाण काढून वजन कुठून कुठे जातं ते सांगितलं. बापाला अर्धं कळलं नाही. त्याने पूर्ण कळल्यासारखी मान हलवली आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारून आला.

पुन्हा घेतलेल्या परीक्षेत तिला एकोणसत्तर गुण पडले. अर्जात पूर्ण गणित लिहिलं गेलं.

गोष्ट इथे संपली असती तर ही लिहिण्याचं कारण नव्हतं. एका घरची मुलगी वाचली, आनंद आहे. पण सोमवारच्या प्रार्थनेत मुख्याध्यापकांनी तिला पुढे बोलावलं आणि सगळ्या शाळेसमोर सांगितलं, “पहाटवर्गाचं फळ कधीकधी उशिरा मिळतं, पण मिळतं! एकतीसवरून एकोणसत्तर! हिच्यासाठी टाळ्या!” टाळ्या वाजल्या. थोरली म्हणाली, “सर, मी तर...” पण टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही.

ड्यूटीसाहेबांनी हे ऐकलं तेव्हा त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शनिवारी दुपारी पालकसभा होती. विषय एकच: पहाटवर्ग साडेपाचऐवजी पाचला सुरू करावा. सभागृह भरलेलं होतं. पहाटवर्गाच्या अडतीस मुलामुलींना शिस्तीचा नमुना म्हणून मागच्या बाकांवर बसवलं होतं. थोरली सुटलेली असूनही मुद्दाम त्यांच्यात जाऊन बसली होती.

ड्यूटीसाहेब उठले. बोलण्याची सवय नव्हती. “माझ्या डेपोत एखादा चालक चार-साडेचार तास झोपून आला तर मी त्याला गाडी देत नाही. तुम्ही सगळे त्या गाड्यांतून जाता. तुम्हाला तसा चालक चालेल का?”

“नाही चालणार!” दोघे-तिघे म्हणाले.

“मग तेवढ्याच झोपेवर मुलांनी गणित कसं सोडवायचं?”

पुढच्या ओळीतला एक वकील हसत म्हणाला, “साहेब, गणित चुकलं तर कुणी मरत नाही.” सगळे हसले. मागून कुणी म्हणालं, “तुमची मुलगी मुळात हुशार. तिला झोप परवडते. आमच्या गाढवांचं काय?” आणखी एक आवाज आला, “आम्ही नाही का असेच शिकलो? काय झालं आम्हाला?” काय झालं ते त्यांच्याकडे बघून कळत होतं, पण ते सांगायचं कुणी? ड्यूटीसाहेबांनी डॉक्टरीणबाईंचं बोलणं सांगायला सुरुवात केली, तर मुख्याध्यापकांनी घंटा वाजवली. वेळ संपली होती.

“ठरावाच्या बाजूने हात वर करा.”

हात वर गेले. एकेक करत सगळ्या ओळी भरल्या. गणिताच्या बाईंचाही हात वर गेला, खांद्यापर्यंत. ड्यूटीसाहेब हात खाली ठेवून उभे होते आणि त्यांच्या शेजारी आई दोन्ही हात पदराखाली घेऊन बसली होती. तिने मान वर केली नाही.

मुख्याध्यापक हात मोजत असताना मागे खुसखुस झाली. काकूंची मुलगी झोपली होती. बसल्या जागी, तोंड उघडं, मान थोरलीच्या खांद्यावर कलंडलेली. आजूबाजूची मुलं तोंड दाबून हसत होती. सगळ्या सभागृहाच्या माना वळल्या. काकू शरमेने लाल झाल्या. वर केलेला हात तसाच ठेवून त्या बाकांमधून वाट काढत मागे धावल्या.

“अगं ए! लाज आहे का? ऊठ!” त्यांनी मुलीला हलवायला हात पुढे केला.

तो हात वाटेतच धरला गेला. आई त्यांच्यामागोमाग केव्हा आली ते कुणाला कळलं नव्हतं.

“नका उठवू,” ती म्हणाली.

“सोडा. लोक बघतायत.”

“बघू देत.”

“तुमचं काय जातंय? तुमची सुटली!”

“म्हणूनच म्हणतेय. मी माझीला तीन महिने असंच हलवलं. ती मला विचारत होती मी ढ झाले का, आणि मी तिच्या तोंडावर ओला टॉवेल धरत होते.” आईने काकूंचा हात आणखी घट्ट धरला. “मी केलं ते तुम्ही करू नका.”

मंचावरून मुख्याध्यापक म्हणाले, “बाई, मुलीला उठवा आणि जागेवर बसा. ठराव मंजूर व्हायचा आहे.”

“करा ना मंजूर,” आई तिथूनच म्हणाली. “त्याला ही जागी कशाला हवी? तिला कुणी विचारलंय?”

कुणी हसलं नाही. बरेच हात अजून वर होते, पण आता ते कशासाठी वर आहेत हे विसरल्यासारखे. दोन-तीन हळूच खाली आले. बाकीचे तसेच राहिले, कारण शेजाऱ्याचा वर होता. मुख्याध्यापकांनी ठराव मंजूर झाल्याचं सांगितलं. मुलगी झोपलेलीच होती. थोरलीने खांदा हलू दिला नव्हता.

काकूंनी हात सोडवून घ्यायचं थांबवलं. लेकीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं त्यांनी जणू पहिल्यांदाच बघितली. मग फक्त आईला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, “आणि नापास झाली म्हणजे?”

हा प्रश्न त्या एकट्या काकूंचा नव्हता. सभागृहात वर गेलेल्या प्रत्येक हाताचा तोच होता, आणि ही गोष्ट वाचून आज रात्री गजर लावायला घेणाऱ्या हाताचाही तोच असेल. चार गुणांचं आईचं दुखणं अजून गेलेलं नव्हतं.

“माहीत नाही हो,” ती म्हणाली. “झाली तर झाली, बसेल पुन्हा. आत्ता झोपू द्या तिला.”